कफील आणि हाजिरजामीन : अरबस्तानांत गेलेल्या वीज-टेलिफोनच्या कारागिरांचे कागद

मराठी कागदपत्रांच्या संग्राहकांस जामीनकतबा हा शब्द अपरिचित नाहीं. एखादा मक्तेदार सरकारांत करार करी, त्या वेळीं त्याच्या बाजूनें दुसरा कोणी उभा राहून जो लेख लिहून देई तो जामीनकतबा. अशा जामिनाचे दोन प्रकार जुन्या दप्तरांत वारंवार आढळतात. माणूस वेळेवर हजर करून देण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन, आणि पैसा न आल्यास आपण भरूं असें म्हणणारा तो मालजामीन. हे शब्द आतां कचेरींतून गेले. परंतु ती रीति गेलेली नाहीं. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रांतून अरब देशांत जे वायरमन, केबल जोडणारे, टेलिफोन बसविणारे आणि वीजघरांतील मिस्त्री गेले, त्यांच्या पेट्यांतील कागद चाळले म्हणजे हाजिरजामीन तेथें निराळ्या नांवानें नांदत आहे असें दिसून येतें. त्या कागदांचा परिचय करून देणें, ते कसे वाचावे हें सांगणें, आणि ते रद्दींत जाण्यापूर्वीं जमा करण्याकडे सभासदांचें लक्ष वेधणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखक नव्या मुंबईंत सीवूड्स येथें राहतो. या नांवाची व्युत्पत्ति शोधण्याच्या भरीस कोणी पडूं नये. येथील जुनीं गांवें दारावें व करावें हीं होत, आणि त्यांपैकीं दारावें हें रेल्वे-स्थानकाच्या नांवांत टिकून राहिलें आहे. नवें शहर वसविण्यासाठीं सिडको ही सरकारी कंपनी १९७० सालीं निघाली. तिनें पुढें येथें परदेशस्थ भारतीयांसाठीं म्हणून एक मोठी वसाहत बांधली. लोक तिला एनआरआय कॉम्प्लेक्स म्हणतात. परंतु अरबस्तानांतून आलेला पैसा केवळ त्या वसाहतींत शोधणारा फसेल. आसपासच्या साध्या दोन खोल्यांच्या घरांतहि तो आहे, आणि आपल्या कामाचे कागद बहुधा त्याच घरांत आहेत. अशाच एका घरीं एका वृद्ध गृहस्थांनीं आपलें दप्तर मला पाहूं दिलें. धंद्यानें ते केबल-जॉइंटर, म्हणजे जमिनीखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारा जोडणारे. इमारत पाडून नवी बांधावयाची असल्यामुळें त्यांनीं तें दप्तर रद्दीवाल्यासाठीं बांधून ठेविलें होतें. शाळेचा दाखला, आयटीआयचें प्रमाणपत्र आणि घराचे कागद तेवढे निराळे काढले होते. बाकीचें सर्व त्यांच्या मतें निरुपयोगी.

त्या निरुपयोगी कागदांत सर्वांत अधिक वेळां येणारा शब्द कफील हा आहे. आखातांतून परतलेला कोणीहि मिस्त्री तो सहज उच्चारतो, आणि त्याच्या तोंडीं त्याचा अर्थ मालक असा असतो. वस्तुतः अरबींत कफील म्हणजे जामीन, आणि त्याच्या हमीस कफाला म्हणतात. मुसलमानी धर्मशास्त्रांत, विशेषतः हनफी पंथाच्या ग्रंथांत, कफाल्याचे दोन मुख्य भेद केलेले आहेत : माणसाविषयींची हमी ती कफाला बिन्नफ्स, आणि धनाविषयींची ती कफाला बिल्माल. आपले हाजिरजामीन व मालजामीन ते हेच. हाजिर, माल आणि जामीन हे तिन्ही शब्द अरबींतूनच फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आले, हें वाचकांस सांगावयास नको.

आमच्या धर्मशास्त्रांतहि ही कल्पना फार जुनी आहे. जामिनास तेथें प्रतिभू म्हणतात. याज्ञवल्क्यानें प्रातिभाव्याचे दर्शन, प्रत्यय व दान असे तीन विषय सांगितले आहेत : माणूस दाखवून देणें, तो विश्वासार्ह आहे असें सांगणें, आणि त्याचें देणें देणें. पैकीं दर्शनप्रतिभू म्हणजे हाजिरजामीन. याज्ञवल्क्य पुढें असेंहि सांगतो कीं अविभक्त असलेले भाऊ, पतिपत्नी, पितापुत्र यांनीं एकमेकांस जामीन राहूं नये. जामीन हा तिऱ्हाईत असावा, हें त्यामागील तत्त्व उघड आहे. कात्यायनाचें वचन याहून पुढें जातें. जामीन म्हणून कोणास घेऊं नये याची त्यानें जी यादी दिली आहे तींत पहिलेंच नांव स्वामीचें, म्हणजे धन्याचें आहे. त्याच्या पाठोपाठ शत्रु, आणि स्वामीनें अधिकार दिलेला माणूस. हा निषेध चाकराच्या कळवळ्यानें केला आहे असें मात्र मला वाटत नाहीं. धन्यावर तगादा चालत नाहीं, म्हणून धनकोनें त्यास जामीन घेऊं नये, एवढाच त्याचा व्यावहारिक आशय असावा. तथापि नियमाचा परिणाम असा होतो कीं धनी आणि जामीन हीं दोन माणसें निराळीं राहतात.

अरब राज्यांत रूढ झालेल्या कफाल्यांत नेमकीं हींच दोन माणसें एक झालीं. राज्याच्या दृष्टीनें रचना साधी आहे. परका कारागीर देशांत येतो. तो कोठें राहील, काय करील, मुदत संपल्यावर परत जाईल कीं नाहीं, याबद्दल कोणीतरी जबाबदार हवा. ज्यानें त्यास बोलाविलें त्या धन्यानेंच ती जबाबदारी घ्यावयाची. मग राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, त्या धन्याच्या नांवावर निघतो. नोकरी बदलावयाची तर त्याचें ना-हरकत पत्र लागतें. सौदी अरबस्तानासारख्या राज्यांत देशाबाहेर पडण्याचा परवानाहि त्याच्या मार्फत मिळे. हा परवाना म्हणजे आपल्या दप्तरांतील दस्तकच. भेद इतकाच कीं दस्तक सरकार देई आणि येथें सरकारचें दस्तक धन्याच्या अर्जावर चाले. पासपोर्ट धन्यानें ठेवून घेण्याची चाल तर कायद्याचा आधार नसतांहि सर्वत्र पडली होती. याचा अर्थ असा कीं ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हमीवर तक्रारदाराचा मुक्काम अवलंबून. धन्यानें कामगार पळाला अशी वर्दी दिली, जीस तेथें हुरूब म्हणतात, कीं तो बेकायदा रहिवासी ठरे. इकामा हा शब्द मुक्काम आणि कायम या आपल्या शब्दांच्याच धातूपासून झाला आहे. त्याच्या योगानें मुक्काम मिळतो, पण कायम कांहीं होत नाहीं.

आतां हे कागद कोणत्या क्रमानें जन्मास येतात तें पाहूं. कारण विस्कळित दप्तर लावतांना क्रम माहीत असल्यावांचून गति नाहीं. प्रथम तेथील धनी आपल्या सरकाराकडून अमुक देशाचे अमुक धंद्याचे इतके लोक आणण्याची मंजुरी घेतो. नंतर तो मुंबईंतील भरती करणाऱ्या आडत्यास अधिकारपत्र देतो. सौदी व्यवहारांत या अधिकारपत्रास वकाला म्हणतात. आपल्या वकिलाचाच हा सोयरा. त्याबरोबर मागणीपत्र येतें, त्यांत धंदा, संख्या, पगार, राहण्याजेवणाची सोय व मुदत लिहिलेली असते. मग कारागिराची कसोटी घेतात : वायरमनाकडून फलक जोडून घ्यावयाचा, जॉइंटरकडून शेंकडों बारीक तारांच्या जोड्या रंगांवरून ओळखवून सांधा करून घ्यावयाचा. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, करारनामा, व्हिसा, आणि शेवटीं उत्प्रवासी-संरक्षक या हिंदी अधिकाऱ्याची मंजुरी, जिला सर्वजण इमिग्रेशनचा शिक्का म्हणतात. परदेशांत पोंचल्यावर इकामा, बँकेच्या पावत्या, रजेचे अर्ज, आणि अखेर सेवासमाप्तीचा हिशेब.

मागणीपत्रांतील धंद्याचें नांव आणि इकाम्यावरील धंद्याचें नांव हीं दोन अवश्य ताडून पाहावीं. मला दाखविलेल्या दप्तरांत करारनाम्यावर केबल-जॉइंटर असें आहे, तर इकाम्यावर नुसतें आमिल. आमिल म्हणजे मजूर. आपल्या मोगली व मराठी कागदांत अमील हा वसुलीचा अधिकारी असतो. शब्द एकच, पण वाळूंत उतरल्यावर त्याची पदवी बरीच खालीं आली. धन्यास ज्या धंद्याची मंजुरी मिळाली असेल त्या नांवावर हातीं आलेला माणूस नेण्याचा हा प्रकार असे. त्याचें फळ कामगारास पुढें भोगावें लागे. या गृहस्थांस तिसऱ्या वर्षीं दुसरीकडून अधिक पगाराचें बोलावणें आलें. त्यांनीं ना-हरकत पत्रासाठीं धन्यास लिहिलेल्या तीन अर्जांच्या कार्बन प्रती दप्तरांत आहेत. उत्तर एकाचेंहि नाहीं. चौथा कागद घरीं परतण्याच्या विमानाचें तिकीट.

परक्या कारागिरास करारानें आणण्याची गोष्ट आपल्यास नवी नाहीं, आणि आपला देश सदैव पाठविणाराच होता असेंहि नाहीं. १६५९ सालीं शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडीकडे, म्हणजे प्रस्तुत स्थळाहून फार दूर नव्हे, गलबतें बांधावयास घेतलीं, तेव्हां रुय लैतांव व्हियेगस नांवाचा पोर्तुगीज व त्याच्या हाताखालील लोक त्या कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस वळवून तेथून काढून नेलें. कारागिरांची मूळ सत्ता जवळ आणि बलवान असली म्हणजे नव्या धन्याचा करार किती टिकतो याचें हें उदाहरण आहे. ही हकीकत आपल्यास पोर्तुगीज दप्तरांतून, मुख्यतः गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या श्रमांमुळें कळली. कामावरच्या सुतार-लोहारांच्या बाजूचा कागद मात्र हातीं येत नाहीं.

दुसरें उदाहरण छापखान्याचें. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख यानें ईस्ट इंडिया कंपनीस विनंती केली कीं मुंबईस एक चांगला मुद्रक पाठवावा. त्यास तीन वर्षें दरसाल ५० पौंड देण्याची तयारी त्यानें दाखविली. त्याप्रमाणें १६७४ सालीं हेन्री हिल्स हा मुद्रक आला. परंतु तो छापणारा होता, अक्षरें पाडणारा नव्हता. भीमजीस तर आपल्या लिपीचीं अक्षरें हवीं होतीं. धंद्याचें नांव मोघम लिहिल्यामुळें एक चांगला बेत कसा फसतो, हें या प्रकरणांत स्पष्ट दिसतें. जॉइंटर आणि वायरमन यांत काय भेद आहे असें विचारणाऱ्या कारकुनास ही गोष्ट अवश्य सांगावी.

विजेच्या व तारेच्या धंद्यापुरतें पाहिलें तर आखाताशीं मुंबईचा संबंध १८६४ पासूनचा आहे. त्या सालीं ग्वादरपासून फाओपर्यंत समुद्रतळाशीं तारायंत्राची तार टाकण्यांत आली, आणि ती इंडो-युरोपियन टेलिग्राफ या सरकारी खात्याकडे होती. १८७० त मुंबई एडनशीं तारेनें जोडली गेली. त्या तारांवर गेलेला नोकर हिंदुस्थान सरकारच्या खात्याचा किंवा इंग्रज कंपनीचा असे. त्यास कफील नव्हता. खाजगी धन्यानें मुंबईहून व कराचीहून कारागीर करारानें नेण्याचा मोठा प्रकार अँग्लो-पर्शियन तेल कंपनीपासून, म्हणजे १९०९ नंतर सुरू झाला. अबादान येथील तेलशुद्धीच्या कारखान्यांत हिंदी फिटर, वीजमिस्त्री व कारकून मोठ्या संख्येनें होते. १९२० व १९२२ सालीं त्यांनीं पगारासाठीं संपहि केले.

त्याच १९२२ सालीं हिंदी उत्प्रवासाचा सातवा कायदा झाला. त्यांत कुशल काम असें स्वतंत्र सदर आहे, आणि कारागीर, कारकून, दुकानांतील नोकर, प्रदर्शन-करमणुकीसाठीं नेलेले लोक, उपाहारगृहांतील व घरांतील चाकर हे सर्व त्या एकाच सदरांत बसविले आहेत. वीजमिस्त्री आणि डोंबारी एका पंक्तीस बसविणाऱ्या त्या कायदेपंडितांचें कौतुक करावें तेवढें थोडें. तरी त्या कायद्यांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. माणसें नेऊं इच्छिणाऱ्यानें त्यांच्या आरोग्याची व परत पाठवणीची तजवीज सांगावी आणि त्याबद्दल हिंदुस्थानांत तारण द्यावें, असें त्यांत आहे. म्हणजे येथें धन्यानें कामगारासाठीं जामीन द्यावयाचा. या कायद्याची जागा १९८३ च्या ३१ व्या कायद्यानें घेतली. तो त्या वर्षाच्या ३० डिसेंबरपासून अमलांत आला. त्यांतहि भरती करणाऱ्या आडत्याची नोंदणी व त्याच्याकडून तारण हीं आहेत.

तेव्हां एका कामगाराच्या दप्तरांत दोन जामीन असतात. एक आपल्या सरकारापाशीं, कामगाराच्या रक्षणासाठीं. दुसरा अरब सरकारापाशीं, कामगार हाताबाहेर जाऊं नये यासाठीं. पहिल्याचा कागद येथें फायलींत राहतो, दुसऱ्याचा कागद रोज खिशांत बाळगावा लागतो. संकट येतें तें बहुधा तिकडे. म्हणून पहिला जामीन दूर पडतो आणि दुसरा जवळ असतो. या दोन लेखांचा परस्परसंबंध दाखविणारें साहित्य सरकारी दप्तरांत एकत्र मिळणार नाहीं. तें फक्त कामगाराच्या पेटींत एकत्र आहे. आखातविषयक पुष्कळ लिखाण परदेशांतून येणाऱ्या पैशाच्या आंकड्यांवर चालतें. माझ्या मतें त्या आंकड्यांपेक्षां असें एक सबंध दप्तर अधिक बोलकें आहे.

कालनिर्णयाविषयीं थोडें. सौदी कागदांवर हिजरी मिति असते. छ मोहरम, छ सफर अशा मित्या नित्य वाचणाऱ्या आपल्या मंडळींस ही अडचण नव्हे. मात्र मोडकांची जंत्री अर्थातच येथवर येत नाहीं, आणि सौदी राज्याची उम्म-अल्-कुरा ही गणना आपल्याकडील चंद्रदर्शनाशीं एखाद्या दिवसानें जुळत नाहीं. तेथें हिजरी १४०० चा पहिला दिवस २० नोव्हेंबर १९७९ रोजीं पडला. उपर्युक्त करारनामा रजब १४०० चा, म्हणजे १९८० च्या मे-जूनचा आहे. त्या सुमारास सौदी सरकारनें टेलिफोनच्या विस्ताराचें प्रचंड काम काढलें होतें. १९७७ च्या अखेरीस तें फिलिप्स, एरिक्सन व बेल कॅनडा या कंपन्यांस दिलें होतें. केबल जोडणाऱ्यांस मागणी कां आली तें यावरून समजतें. हिजरी दोन वर्षांचा करार इंग्रजी दोन वर्षांपेक्षां सुमारें २२ दिवस आधीं संपतो. घरच्या पत्रांतील तारखा आणि कराराची मुदत जुळत नाहींत म्हणून कागद खोटा मानूं नये. शिवाय पगार चांद्रमासानें मिळत असल्यास तो कामगाराच्या थोडा फायद्याचाच होता. सौदी सरकारनें २०१६ सालीं आपल्या नोकरांचे पगार इंग्रजी महिन्यांवर नेले ते काटकसरीसाठींच.

मिति फाटली असेल तर दुसरीं लक्षणें उपयोगी पडतात. कुवेत, बहरीन, कतार व लगतच्या शेखांच्या मुलखांत पूर्वीं हिंदी रुपयाच चाले. १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधीं झेड हें अक्षर असे. कुवेतनें १९६१ त, बहरीननें १९६५ त, व इतरांनीं १९६६ त तें चलन सोडलें. ओमानांत तें १९७० पर्यंत होतें. सबब कुवेतच्या कागदांत पगार रुपयांत असेल तर तो १९६१ च्या पूर्वींचा समजावा. पासपोर्टवरील ईसीएनआर हा शिक्काहि असाच उपयोगी आहे. उत्प्रवास-तपासणीची जरूरी नाहीं असा त्याचा अर्थ. २००७ पासून निघालेल्या पासपोर्टांवर तो मारीत नाहींत, उलट ज्यांस तपासणी लागते त्यांच्यावरच तशी नोंद करितात. दहावी झालेल्यास ती हल्लीं लागत नाहीं. दोन वर्षांचें मान्य तांत्रिक शिक्षण झालेल्यासहि नाहीं. म्हणून पुष्कळसे आयटीआयवाले वीजमिस्त्री संरक्षकाच्या दप्तरांत दिसतच नाहींत. तेथें नांव नाहीं म्हणजे माणूस गेला नाहीं, असें अनुमान कोणी करूं नये.

कफाल्याचें स्वरूप अलीकडे पालटत आहे. बहरीननें २००९ त, कतारनें २०१८ व २०२० त, आणि सौदी अरबस्तानानें २०२१ त नोकरी बदलण्याचे किंवा देश सोडण्याचे नियम सैल केले. व्यवहारांत ते किती उतरले हा निराळा प्रश्न आहे; घरकामाचे नोकर तर सौदी सुधारणेच्या बाहेरच ठेविले गेले. पण ना-हरकत पत्र आणि बाहेर पडण्याचा परवाना हे जुन्या पद्धतीचे कागद यापुढें नव्यानें फारसे होणार नाहींत हें निश्चित. भरतीचा व्यवहारहि बराचसा संगणकावर गेला आहे. जें आहे तें पेट्यांत आहे, आणि ज्यांच्या पेट्या आहेत ते आतां सत्तरीच्या आसपास आहेत.

ज्या सभासदांस नेरूळ, सीवूड्स, बेलापूर किंवा रत्नागिरी-रायगडाकडील गांवांत असें दप्तर आढळेल त्यांनीं तें शक्यतों सबंध घ्यावें, निवडक घेऊं नये. तिकिटाचा तुकडा, खोलीच्या किल्लीची पावती, पत्राचें पाकीट हीं सर्व ठेवावीं. मालक हयात असतो, म्हणून त्याची लेखी संमति घ्यावी, आणि पासपोर्टचे व बँकेचे क्रमांक झांकल्यावांचून कोणतीहि प्रत प्रसिद्ध करूं नये. करारनाम्याची अरबी बाजू अवश्य जपावी. मला दाखविलेल्या करारनाम्यांत वाद पडल्यास अरबी मजकूर प्रमाण असें कलम आहे, आणि ती बाजू आपण सहीच्या दिवशीं वाचली नव्हती असें ते गृहस्थ सांगतात. सर्वांत घाई फॅक्सच्या कागदांची आहे. उष्णतेनें काळा होणारा तो गुळगुळीत कागद दहा-वीस वर्षांत कोरा पडतो. प्लास्टिकच्या पिशवींत किंवा चिकटपट्टी लावून ठेवल्यास त्याहून लवकर. त्याचें छायाचित्र त्याच दिवशीं घ्यावें, व मूळ कागद साध्या आम्लविरहित कागदांत गुंडाळून अंधारांत ठेवावा.